माडीवरचं इंग्रजी

माणसाने एकदम 'हो' म्हणू नये, असं माझं मत आहे. समोरचा फार गोड बोलायला लागला की माझा हात आपोआप पर्सच्या चेनकडे जातो. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर दिली तर मी जुडी उलगडून आतली पानं बघते. हा स्वभाव मला आत्याकडून आला, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीकडून, जी आमच्याच घरी राहायची आणि दूध उकळण्यापूर्वी दूधवाल्याचा चेहरा न्याहाळायची. त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईने "मी एकटी जाणार" असं सांगितलं, तेव्हा मला तिच्या गुडघ्यांची काळजी नंतर वाटली. ही इतकी निर्धास्त कशी, ही शंका आधी आली.

जायचं होतं मेलबर्नला, माझ्या दादाकडे. बाबा गेल्यापासून तो तिला बोलावत होता. मधे सिंगापूरला उतरून दुसरं विमान धरायचं. आई उभ्या आयुष्यात लांब अशी एकदाच गेली होती, काशीला, तीही ओळखीच्या बायकांनी भरलेल्या बसमधून. विमानात ती कधी बसली नव्हती. इंग्रजी तिला येत नव्हतं, निदान मला तसं ठाऊक होतं. व्हीलचेअर सांगून ठेवते म्हटलं, तर "पाय आहेत मला" म्हणाली. शेवटी मी एक अट घातली. निघण्याआधी मी तिची परीक्षा घेणार. वाट विचारणं, पाणी मागणं, मी हरवले आहे असं सांगणं, एवढं इंग्रजीत जमलं तर तिने एकटीने जावं. नाही जमलं तर मी रजा काढून बरोबर जाणार, आणि तिने तोंड वाकडं करायचं नाही.

"चालेल," आई म्हणाली. तिने वाटाघाट केली नाही, हे मला खटकलं.

परीक्षेच्या दिवशी मी सकाळीच वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या घरून रिक्षा करून निघाले आणि पश्चिमेला, आगाशीच्या बाजूच्या आमच्या वाडीवर पोचले. आई अजून तिथेच राहते. घर धडधाकट आहे, रंग दर दोन-तीन वर्षांनी लागतो, फक्त माडी बंद असते. दादाची जुनी मोठी बॅग माडीवर होती, ती काढायची होती. कुलूप उघडून दार ढकललं आणि वास आला. बंद लाकडाचा, गाद्यांतल्या दमट कापसाचा, त्याच्या खालून पिकल्या राजेळी केळ्यांचा. आणि या सगळ्यांच्या मागे, अगदी पुसट, झोंबणारा, कापूर घातलेल्या मलमाचा. इतक्या वर्षांनी मलमाचा वास उरत नाही, हे मला कळतं. माझ्या नाकावर माझा विश्वास नाही. तरी मी दारातच थांबले, कारण ते मलम आमच्या घरात फक्त एका माणसाने लावलं होतं.

त्याचं नाव ल्यू. मी तेव्हा सहावीत होते. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात नवी यंत्रं आली होती आणि ती बसवायला चीनहून माणसं आली होती. बाकीची काम उरकून परत गेली, हा एकटा मागे राहिला. का राहिला ते मला कोणी सांगितलं नाही. कारखान्याच्या मालकांची आणि बाबांची ओळख होती, एवढ्यावर तो आमच्या माडीवर राहायला आला. बाबा त्याला मिस्टर ल्यू म्हणायचे. आत्याने त्याला नाव दिलं 'माडीवरचा', आणि घरात तेच चाललं.

टेम्पोतून उतरला तेव्हा त्याच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात उंच, लाल फुलांचा थर्मास. गरम पाण्याचा. उन्हात चालून आला तरी तो गरम पाणी प्यायचा. आम्ही सगळे माठातलं पाणी पिऊन वर ओंजळभर तोंडावर मारणारी माणसं. आत्याने त्या थर्मासकडे असं पाहिलं, जणू त्यात पाण्याऐवजी काहीतरी वळवळत असावं. जिन्याखाली चपला काढताना तो त्या उलट्या फिरवून, टोकं अंगणाकडे करून ठेवायचा. मला ते नीटनेटकं वाटायचं.

"पळाची तयारी हाय ती," आत्या म्हणाली. "घालली का चालला."

पाचूबंदरची मासेवाली मावशी आठवड्यातून दोनदा पाटी घेऊन यायची. पाटीवरचं ओलं फडकं उचललं की अंगणभर खारा वास पसरायचा आणि मांजरं जमायची. एकदा हा खाली उतरला आणि पाटीतल्या घोळ माशाच्या डोक्याकडे बोट दाखवून उभा राहिला. मावशीने मधला चांगला तुकडा पुढे केला. त्याने मान हलवली आणि पुन्हा डोकंच दाखवलं.

"कोन हाय गो यो?" मावशीने आईला विचारलं. "अंग सोडून डोकी मागतंय. पानी पन गरमच पितंय म्हनं."

आई हसली. आत्या हसली नाही. त्या दिवशी संध्याकाळी माडीच्या जिन्यावर लिंबू-मिरची लागली. ती मुद्दाम खालच्या पायरीला, म्हणजे जे काही असेल ते वरच राहील.

पण खरी शंका घरात शिरली ती सकाळच्या आवाजांमुळे. माडीला पुढून लाकडी गॅलरी होती. ऊन वर आलं की तो तिथे येरझारा घालायचा आणि एकेक शब्द तोडून, जड ओझं खाली ठेवावं तसा, म्हणायचा. "यी-ख-स-क्यू-स-मी." थांबायचा. पुन्हा तेच. "सान-ख-यौ. सान-ख-यौ." मग लांबलचक काहीतरी, "वेई-आर यी-स तुओ-यी-लेई-थ." आवाज वर चढायचा, खाली पडायचा, मधेच ठेचकाळायचा. आत्याने सुरुवातीला तो मंत्र ठरवला. काही दिवस ती कानात कापसाचे बोळे घालून फिरली. पुढे तिचं मत बदललं, आणि ते जास्त वाईट होतं.

"मोजते तो," ती बाबांना म्हणाली. "आपली सुकेळी मोजते."

कारण त्या गॅलरीच्या बरोबर खाली आमच्या सुकेळ्यांचा मांडव होता.

आता लोकांना सांगावं लागतं सुकेळी म्हणजे काय. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवलेली. पण एवढ्याने काही सांगून होत नाही. घड भाताच्या पेंढ्यात दडपून बंद खोलीत ठेवायचे, तिथे पोरांनी जायचं नाही, कारण किती दिवस ठेवायचे आणि कुठल्या वासाला बाहेर काढायचे ही आमच्या घरची रीत होती आणि ती आत्याच्या नाकात होती. शेजारच्या वाडीलाही ती कधी कळली नाही. सोललेली केळी बांबूच्या उंच मांडवावर ओळीने मांडायची. पहिल्या दिवशी ती पांढरट, उघडीवाघडी दिसायची, पुढे पिवळी, मग काकवीच्या रंगाची. संध्याकाळी दव पडायच्या आत सगळी गोळा करून टोपल्यांत, वर घोंगडी. सकाळी पुन्हा मांडायची. आणि दिवसातून कितीतरी वेळा एकेक केळ हाताने उलटायचं, म्हणजे सगळीकडून सारखं ऊन लागतं. हे उलटण्याचं काम आईचं. बोटं चिकट व्हायची, गांधीलमाशा घोंघावायच्या, वाळत्या केळ्यांचा गोड-आंबूस वास तिच्या पदरालाच येत असायचा. रात्री तिच्या कुशीत झोपलं की तोच वास. आई म्हटलं की मला अजून आधी तो वास आठवतो, चेहरा मागून येतो.

उलटताना तिचे ओठ हलत असायचे. आई नाम घेते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आत्याला तिच्याबद्दल फारशा गोष्टी पसंत नव्हत्या, पण ही होती. "कामात बी देवाला विसरत नय," असं ती पाहुण्यांना सांगायची, आणि वर गॅलरीकडे बघून पुढचं वाक्य गिळायची.

तर हा माणूस वरून सुकेळी मोजतो, मांडणी बघतो, रीत शिकून घेतो आणि आपल्या देशात जाऊन असल्याच मांडवांचे कारखाने काढणार, असं आत्याचं ठरलं. तिने उपाय केला. रोज दुपारी, तो कारखान्यात गेला की, ती इकडच्या ओळीतली केळी तिकडे आणि तिकडची इकडे करून ठेवायची, म्हणजे त्याचा हिशेब चुकेल. पहिल्या दिवसाची आणि चौथ्या दिवसाची केळी एकत्र व्हायची. आई निमूटपणे ती पुन्हा रंगाप्रमाणे लावायची. त्या वर्षीची सुकेळी काही मऊ आणि काही दगड निघाली, आणि त्याचाही दोष माडीवरच्याच्या नजरेला गेला.

तो काय म्हणतो ते मला कळलं ते माझ्या हावरटपणामुळे. त्याच्याकडे पांढऱ्या, दुधाळ गोळ्या असायच्या, त्या मागायला मी माडीवर जायची. एकदा त्याने घडी घातलेला रंगीत कागद उलगडून दाखवला. विमानाचं चित्र, पाण्याच्या पेल्याचं चित्र, दोन दारांवर पुरुष आणि बाई. प्रत्येक चित्राखाली इंग्रजी, आणि त्याच्या खाली त्याच्या लिपीतली चौकोनी अक्षरं, घरंच्या घरं. त्याने इंग्रजीवर बोट ठेवून मान हलवली. हे येत नाही. मग खालच्या घरांवर बोट ठेवून वाचलं, "यी-ख-स-क्यू-स-मी." मी नुकतीच शाळेत इंग्रजी वाचायला शिकत होते. मी वरची ओळ लावली आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. हा इंग्रजीच म्हणत होता, फक्त त्याच्या अक्षरांतून. त्याच्या अक्षरांना जेवढं जमेल तेवढंच. आमच्या बाईंनी आम्हाला फळ्यावर देवनागरीत 'गुड मॉर्निंग' लिहून दिलं होतं, तसंच.

मग त्याने पेन घेतलं आणि कागदाच्या कडेला दोन विमानं काढली. दोन विमानांच्या मधे एक माणूस, मुंगीएवढा. त्या माणसावर बोट ठेवलं आणि मग स्वतःच्या छातीवर. त्याला घरी जायचं होतं. कारखान्याचा दुभाषी केव्हाच परत गेला होता. मधे कुठल्याशा परक्या विमानतळावर उतरून त्याला एकट्याने दुसरं विमान शोधायचं होतं, आणि तिथे त्याचं कोणाला काही कळणार नव्हतं. मोठा माणूस घाबरतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्या घरातली मोठी माणसं संशय घ्यायची, घाबरायची नाहीत. आता मला वाटतं, ते एकच असावं.

मी खाली येऊन सांगितलं. बाबांना पटलं. आत्या म्हणाली, "पोरीला गोळ्या देऊन फितवली." दुसऱ्या दिवशी शाळेत बाई वर्गात आल्या तेव्हा माझ्या तोंडून पटकन "कु-त-माओ-निंग" गेलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. बाईंनी मला पुन्हा म्हणायला लावलं, मी पुन्हा तसंच म्हटलं, कारण खरं सांगायचं तर मला ते जास्त आवडलं होतं. त्यात एक चाल होती. फळ्यावरच्या इंग्रजीला ती नव्हती.

त्यानंतर रोज संध्याकाळी ओटीवर एक खेळ सुरू झाला. बाबा आरामखुर्ची बाजूला सारून लाकडी खुर्चीत ताठ बसायचे. ते साहेब. ल्यू बॅग घेऊन त्यांच्यासमोर उभा राहायचा. बाबांचं इंग्रजी केळ्यांच्या व्यापाऱ्यांशी बोलण्यापुरतं.

"व्हेअर यू गो?" बाबा दरडावायचे.

"माय फेई-ची," तो म्हणायचा, आणि विमानासारखा हात करायचा, कारण ते इंग्रजी नाव त्याला कधीच आठवायचं नाही.

"व्हॉट यू वॉन्ट?"

"वो-थ. फु-ली-स." मग पेल्याची खूण. मग सर्वांत अवघड वाक्य. "आय-मु लाओ-स-थ." मी हरवलो आहे.

आत्या स्वयंपाकघराच्या दारातून, पदर तोंडावर धरून, बघत असायची. आई मागच्या पडवीत दुसऱ्या दिवसाची केळी सोलत असायची. तिचे ओठ हलत होते. मला हे आठवतं. म्हणजे आठवतं असं आता वाटतं, आणि या 'आता'चाही मला भरवसा नाही.

तो गेला त्या सकाळी मांडव रिकामा होता. आईने सुकेळ्यांची एक पुडी बांधली होती, वाळलेल्या केळीच्या पानात गुंडाळून, खोडाच्या सोपटाच्या दोरीने, अगदी आम्ही नात्यातल्या माणसांना देतो तशी. आत्या तिच्या बाजूलाच उभी होती. "शेवटी घेऊन चालला नमुना," ती पुटपुटली. त्याने पुडी दोन्ही हातांनी घेतली, कमरेतून वाकला आणि आईला म्हणाला, "सान-ख-यौ." आईने पदर सारखा केला आणि रस्त्याकडे बघत राहिली. टेम्पो वळणावरच्या ताडाच्या झाडांमागे गेला. चपलांच्या जागी जिन्याखाली धुळीत दोन स्वच्छ ठसे राहिले, टोकं बाहेरच्या बाजूला.

त्याची पुढे काही खबर आली नाही. तेव्हा फोन असे नव्हते. बाबांनी कारखान्यात विचारलं, पण मालक बदलले होते की काय झालं होतं, कोणाला माहिती नव्हती. "पोचला असेल," बाबा म्हणायचे. "मना नय वाटत," आत्या म्हणायची. ती असं काहीही म्हणायची, पाऊस पडेल का याबद्दलही, पण हे वाक्य माझ्या मनात रुतलं. कितीतरी वर्षं मी डोळे मिटले की मला तो परक्या विमानतळावर दिसायचा, थर्मास घेऊन, मुंगीएवढा, प्रत्येकाला तेच तोडून तोडून सांगत, आणि कोणालाच काही कळत नाही.

मग मांडव गेला. राजेळीची जागा नारळांनी घेतली, नारळांमधली थोडी रस्त्याने. समोरच्या वाडीत इमारत उभी राहिली आणि दुपारनंतर आमच्या अंगणात ऊनच येत नाही, त्यामुळे सुकेळी करायची म्हटली तरी वाळणार कुठे. आत्या गेली आणि केळी कुठल्या वासाला बाहेर काढायची ते तिच्याबरोबर गेलं. गावात एक-दोन घरं अजून करतात. मी विकत आणते आणि घरी येऊन आधी एक मधून मोडून बघते, साखर चोळली आहे का ते.

माडीवरून बॅग खाली आणली. ओटीवर लाकडी खुर्ची अजून तीच आहे. मी तिच्यात बसले, बाबांसारखी ताठ, हे माझ्या नंतर लक्षात आलं. आई बॅगेच्या दांडीला धरून समोर उभी राहिली. ती मोबाईलवर काही शिकली नव्हती, मी पाठवलेले इंग्रजीचे व्हिडिओ उघडलेसुद्धा नव्हते, ते मी चोरून तपासलं होतं. तेव्हा निकाल मला माहीत होता. मी मनातल्या मनात रजेचा अर्ज लिहायला घेतला होता.

"समज, तुला गेट सापडत नाही," मी म्हणाले. "समोर एक बाई आहे. तिला काय म्हणशील?"

आईने दांडी सोडली, पदर सारखा केला, आणि म्हणाली, "यी-ख-स-क्यू-स-मी."

तीच चाल. तोच चढ, शेवटी तोच मऊ उतार. मी काही बोलायच्या आत ती पुढे गेली. पाणी मागितलं. संडास कुठे आहे ते विचारलं. "आय-मु लाओ-स-थ," ती म्हणाली, आणि ते म्हणताना तिचा उजवा हात बारीकसा हलत होता, तळवा खाली, तळवा वर. ती केळी उलटत होती.

माझ्या मनात एक शंका येऊन गेली. ती आली नाही असं म्हटलं तर खोटं होईल. आई तेव्हा चाळिशीची होती, आणि वर माडीवर एक एकटा माणूस होता. मी तिच्याकडे आत्याच्या डोळ्यांनी पाहिलं, क्षणभरच, पण पाहिलं.

"तुला हे त्याने शिकवलं?" मी विचारलं.

"तो कशाला शिकवेल? दोन शब्द बोललो नाही आम्ही कधी." आई पायरीवर बसली. "तो वर म्हणायचा, मी खाली उलटायची. एक केळ, एक वाक्य. सगळा मांडव उलटून व्हायचा तोवर त्याचं सगळं म्हणून व्हायचं."

"तू नाम घेत होतीस ना?"

"वन्संना तसं वाटायचं. मी म्हटलं, वाटू दे. नाहीतर बंद करायला लावलं असतं."

"पण तू कशाला शिकलीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की हे काय विचारणं झालं.

"जायचं होतं."

"कुठे?"

"कुठेही," आई म्हणाली. "रोज सकाळी तो जायची तयारी करायचा. मला वाटायचं, आपणही करून ठेवावी. बोलावलं कोणी तर उशीर नको व्हायला."

मला रडू आलं. एवढी वर्षं ती मांडवाखाली, चिकट हातांनी, जायची तयारी करत होती आणि घरातल्या इतक्या संशयी माणसांपैकी एकालाही त्याचा संशय आला नाही. आम्ही माडीवरच्यावर नजर ठेवून होतो. मांडव गेल्यावर ती हे कुठे म्हणत असेल? भांडी घासताना, बाबांच्या खाटेशेजारी बसून, देवासमोर? तिला विचारायचं मला धाडस झालं नाही.

पण परीक्षा मी घेत होते, आणि माझा स्वभाव रडून थोडाच बदलतो. हे असं इंग्रजी सिंगापूरच्या विमानतळावर कोणाला कळणार? मी डोळे पुसून म्हणाले, "आई, ते असं नाही. नीट म्हण. एक्सक्यूज मी."

तिने दोनदा प्रयत्न केला. माझा उच्चार तिच्या तोंडात बसेना. परक्याच्या ताटातून घास घ्यावा तशी ती अवघडली. मग शांतपणे म्हणाली, "राहू दे. मला हेच येतं. तो पोचला ना ह्याच्यावर?"

तिला खरंच उत्तर हवं होतं. तिचं सगळं जाणं त्या एका गोष्टीवर उभं होतं, त्या शब्दांवर एक माणूस घरी पोचला होता यावर. तो पोचला की नाही हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आजही नाही. आत्याचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते म्हटलं नाही, पण 'हो'ही म्हणू शकले नाही. माझं गप्प राहणं आईने 'पास' असं धरलं आणि ती बॅग पुसायला फडकं आणायला उठली.

निघायच्या दिवशी मी तिची बॅग उघडून तपासली. तळाशी, साड्यांच्या घडीत, सुकेळ्यांची पुडी सापडली. तिकडे खायच्या वस्तूंवरून फार कटकट करतात, दादाने बजावून सांगितलं होतं. मी ती काढून घेतली. आई काही बोलली नाही, आणि ती काही बोलली नाही यावरून मला कळायला हवं होतं. विमानतळाच्या काचेआड ती गेली तेव्हा तिने मागे वळून पाहिलं नाही. जिन्याखालच्या त्या चपला मला आठवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुकर लावत होते तेव्हा फोनवर तिचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. मागे गजबज, घोषणा.

"अगं, मी सिंगापूरला. त्यांनी गेट बदललं वाटतं, मला कळेना. मग एक बाई दिसली, झाडू मारणारी, माझ्याच वयाची. तिला मी आपलं म्हटलं, मला येतं ते. पहिल्या झटक्यात कळलं तिला. आधी तोंडावर हात ठेवून हसली. मग झाडू भिंतीला लावला आणि माझा हात धरून इथपर्यंत आणून सोडलं. सारखी बोलत होती तिच्या भाषेत. तीच चाल गं, माडीवरची. तिला सुकेळी दिली, पर्समध्ये दुसरी पुडी होती." मागे पुन्हा घोषणा झाली. "ऐक. म्हणजे तो पोचला असणार. हो ना?"

मी गॅस बारीक केला आणि पुन्हा ऐकलं. यातून काहीच सिद्ध होत नाही. ती बाई त्याच्या भाषेची निघाली, म्हणून तिला कळलं. त्याला तिथे कोण भेटलं असेल, कोणी हात धरला असेल की नसेल, हे यातून कोणालाही सांगता येणार नाही. आत्या असती तर तिने हे सगळं सांगून झाल्यावर आपलं वाक्य म्हटलं असतं. मला अजून पुष्कळ शंका होत्या. आई तिकडे उत्तराची वाट बघत होती, दुसऱ्या विमानात चढायच्या आधी.

मी फोन तोंडाजवळ धरला आणि एकदम 'हो' म्हटलं.